निर्बंधांच्या काळात जिम आणि फिटनेस क्लास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गटाने व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. कोविडच्या काळात जिम बंद झाल्या, उघडल्या, निम्म्या माणसांवर चालल्या, पुन्हा बंद झाल्या, आणि दर खेपेला फोनवर तेच ते प्रश्न आले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडला महासाथ म्हटलं आणि ५ मे २०२३ रोजी जागतिक आणीबाणी उठवली. पण श्वासावाटे पसरणारी कुठलीही साथ आली की जिमच्या दारावर पहिली पाटी लागते, म्हणून ही उत्तरं एका जागी ठेवली आहेत. नियम गावोगावी वेगळे असतात आणि आठवड्याला बदलतात. ते इथे मिळणार नाहीत. त्या नियमांमागे काय कारण असतं, ते मिळेल.

जिम उघडायला परवानगी मिळाली. म्हणजे आता जायला हरकत नाही ना?

परवानगी देताना अख्ख्या शहराचा हिशेब मांडलेला असतो: रुग्ण किती, रुग्णालयात खाटा किती शिल्लक. तुमची जिम तळघरात आहे की चारी बाजूंनी खिडक्या असलेल्या मजल्यावर, हे त्या आदेशात लिहिलेलं नसतं. ते तुम्हीच पाहायचं. एक दिवस व्यायाम न करता नुसतं जाऊन या, आणि तेही तुमच्या नेहमीच्या वेळेला. दुपारी तीन वाजता सगळ्याच जिम रिकाम्या आणि हवेशीर वाटतात. खिडक्या खरंच उघडतात की रंगाने चिकटून बसल्या आहेत, आत किती माणसं आहेत, ट्रेनर मास्क नाकावर घालतो की हनुवटीवर, एवढं पाहिलं तरी बरंच कळतं.

जिममध्ये संसर्ग जास्त पसरतो हे खरं, की उगाच बाऊ केलाय?

दोन्ही बाजूंनी सांगण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात १५ फेब्रुवारी २०२० रोजी झुंबासारख्या फिटनेस डान्सच्या २७ प्रशिक्षकांची चार तासांची कार्यशाळा झाली. त्या दिवशी कुणालाही लक्षणं नव्हती. नंतर त्यातले आठ जण पॉझिटिव्ह निघाले, आणि मधल्या दिवसांत ते आपापल्या गावी क्लास घेत होते. चोवीस दिवसांत १२ ठिकाणच्या क्लासशी जोडलेले ११२ रुग्ण सापडले. क्लास पन्नास मिनिटांचे, आठवड्यातून दोनदा, साधारण ६० चौरस मीटरच्या खोलीत पाच ते बावीस जण. संपर्कात आलेल्या विद्यार्थ्यांपैकी सव्वीस टक्क्यांच्या आसपास लोकांना लागण झाली. मात्र ज्या क्लासमध्ये पाचपेक्षा कमी माणसं होती, तिथे एकही रुग्ण आढळला नाही.

ऑगस्ट २०२० अखेरीस शिकागोच्या एका जिममध्ये तर कागदावर सगळं नीट होतं. वर्गात क्षमतेच्या पाव हिश्शाएवढीच माणसं, प्रत्येकाची स्वतःची मॅट, दारात ताप आणि लक्षणांची विचारपूस. फक्त व्यायाम सुरू झाला की मास्क काढायची मुभा होती. आलेल्या ८१ जणांपैकी ५५ जणांना कोविड झाला. त्या ५५ पैकी २२ जण लक्षणं सुरू झाली त्या दिवशी किंवा त्यानंतरही क्लासला आले होते, आणि तिघे तर चाचणी पॉझिटिव्ह आल्याच्या दिवशी किंवा त्यानंतरही. या शेवटच्या वाक्याशी मी दरवेळी थबकतो.

आता दुसरी बाजू. नॉर्वेत ओस्लोच्या जिममध्ये मे-जून २०२० मध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून प्रयोग झाला. १८ ते ६४ वयाच्या, मोठा आजार नसलेल्या ३,७६४ सभासदांपैकी निम्म्यांना जिम खुली, निम्म्यांना बंद. साध्या व्यायामाला एक मीटर, जोरकस व्यायामाला दोन मीटर अंतर. शॉवर आणि सॉना (घाम काढायची गरम खोली) बंद. जिम खुली असलेल्या गटात एकच जण पॉझिटिव्ह निघाला, आणि तोही त्या काळात जिमला गेलेलाच नव्हता. पण तेव्हा ओस्लोत मुळात साथच ओसरलेली होती. घरात साप नसला की अंधारात चालणंही सुरक्षितच.

थोडक्यात, जिमची भिंत धोक्याची नसते. आजूबाजूला साथ किती, खोलीत हवा किती, माणसं किती आणि ती किती जोरात धापा टाकतात, यावर सगळं ठरतं.

धापा टाकण्याने एवढा काय फरक पडतो?

खूप. शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत-बाहेर करतो. जिवाच्या आकांताने पळताना हाच आकडा शंभर लिटरच्या वर जातो. नुसती हवाच वाढत नाही, तिच्यातून येणारे सूक्ष्म कणही वाढतात. म्युनिकमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये १६ जणांना सायकलवर बसवून हे मोजलं: विश्रांतीत मिनिटाला सरासरी ५८० कण, अगदी दमछाक होईपर्यंत पॅडल मारल्यावर ७६,२०० च्या आसपास. म्हणजे सरासरी १३२ पट. वाढ सरळ रेषेत होत नाही. मध्यम जोरापर्यंत ती बेताची असते आणि त्यापुढे एकदम उसळते.

व्यवहारात याचा अर्थ असा की बोलता बोलता करता येईल असा व्यायाम आणि एक वाक्यही पूर्ण करता येणार नाही असा व्यायाम, हे संसर्गाच्या दृष्टीने वेगवेगळे प्राणी आहेत. साथ जोरात असताना बंद खोलीत पहिला ठेवा. दुसऱ्यासाठी मोकळं मैदान बघा.

योगाचे क्लास चालू आणि झुंबाचे बंद! हा कुठला न्याय?

चीड समजू शकतो, माझेही क्लास दुसऱ्या प्रकारातलेच. पण चोनानमध्येच याचं उत्तर आहे. लागण झालेली एक प्रशिक्षिका त्याच इमारतीत पिलाटेस (सावकाश, ताबा ठेवून करायचे व्यायाम) आणि योग शिकवत होती, वर्गात सात-आठ जण. तिच्या एकाही विद्यार्थ्याला लागण झाली नाही. एका उदाहरणावर इमला बांधू नये, पण वरच्या आकड्यांशी ते जुळतं.

नियम करणाऱ्यांनाही हे कळलं होतं, मात्र कधी कधी त्याचं हसं झालं. जुलै २०२१ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल आणि परिसरातल्या जिमना सांगण्यात आलं की गटाच्या व्यायामाला मिनिटाला १२० ठोक्यांपेक्षा जलद गाणी लावायची नाहीत आणि ट्रेडमिल ताशी सहा किलोमीटरच्या वर न्यायची नाही. लोकांनी यथेच्छ थट्टा केली. हेतू चुकीचा नव्हता, पण गाण्याच्या ठोक्यावर श्वास मोजायचा म्हणजे घड्याळ बघून ताप मोजण्यासारखं आहे. संथ गाण्यावर बर्पी (खाली जाऊन जोर काढायचा आणि उठून उडी मारायची) मारून बघा एकदा.

दोन मीटर अंतर ठेवलं की झालं?

उघड्यावर बहुतेक वेळा हो. बंद खोलीत नाही. मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म कण धुरासारखे तरंगत राहतात आणि खोलीभर फिरतात. कोपऱ्यात कुणी सिगारेट ओढली तर दुसऱ्या कोपऱ्यात वास येतोच की. जपानने मार्च २०२० मध्येच तीन गोष्टी टाळा म्हणून सांगितलं होतं: कोंदट जागा, गर्दी आणि जवळून बोलणं. त्यातली पहिली गोष्ट जगाने फार उशिरा मनावर घेतली. आपल्याकडे जिममध्ये जमिनीवर चौकोन आखण्यात जेवढा रंग खर्च झाला, तेवढं लक्ष खिडक्यांकडे गेलं असतं तर बरं झालं असतं.

दोन ट्रेडमिलच्या मध्ये लावलेल्या प्लॅस्टिकच्या पडद्यांचंही तेच. समोरून उडालेली शिंक अडते. तरंगणारी हवा वळसा घालून येते, आणि कधी कधी पडद्यांमुळेच ती कोंडून राहते.

हवा खेळती आहे हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न सगळ्यांत कमी लोक विचारतात आणि माझ्या मते पहिला हाच विचारायला हवा.

आधी नाक वापरा. दारातून आत शिरताच घामाचा, रबराचा कुबट वास आला, तर आधीच्या बॅचची हवा अजून आत आहे. मग आरसा बघा. आमच्या जुन्या स्टुडिओत वीस मिनिटांनंतर आरशाच्या खालच्या भागावर वाफ धरायची. वर्षानुवर्षं आम्ही त्याला ‘आज क्लास जोरात झाला’ असं म्हणायचो. ती वाफ म्हणजे पंधरा जणांचा श्वास होता, हे माझ्या डोक्यात २०२० मध्ये शिरलं.

टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी खिडकीजवळ धरा. ती हलली तर हवा येते किंवा जाते आहे. एकाच बाजूची खिडकी उघडून फारसं भागत नाही. समोरासमोर दोन उघडी तोंडं हवीत, एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. दुसरी खिडकी नसेल तर दार उघडं ठेवून एका तोंडाशी हवा बाहेर फेकणारा पंखा लावा. आणि दोन बॅचमध्ये दहा-पंधरा मिनिटं खोली रिकामी सोडा.

भिंतीवरचा एसी चालू आहे म्हणजे ताजी हवा येते, हा सर्वात मोठा गैरसमज. घरगुती पद्धतीचा स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून परत आत सोडतो. उभ्या पंख्याचा वारा एकाच्या तोंडावरून दुसऱ्याकडे जात असेल तर तो घात करतो. हवाईमध्ये २०२० च्या जूनअखेरीस सायकलिंगचा एक क्लास झाला: दारं-खिडक्या बंद, मोठे पंखे लोकांच्या दिशेने, प्रशिक्षक मास्कशिवाय ओरडून सूचना देत होता. त्याला लक्षणं त्यानंतर काही तासांनी सुरू झाली. वर्गातले दहाच्या दहा जण पॉझिटिव्ह निघाले.

ज्यांना आकडा हवा त्यांनी कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र घ्यावं. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत सुमारे ४२० असतो. खोलीत ८०० च्या खाली राहिला तर हवा चांगली बदलते आहे. दीड हजार दिसला तर क्लास थांबवून खिडकी उघडा. एक लक्षात ठेवा, हेपा फिल्टरचं (हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या दाट जाळीचं) यंत्र लावलं असेल तर ते विषाणूचे कण गाळतं पण हा आकडा उतरवत नाही. तेव्हा आकडा जास्त दिसला म्हणून फिल्टर निकामी आहे असं समजू नका.

मास्क लावून व्यायाम केला तर ऑक्सिजन कमी पडतो का?

निरोगी माणसाला नाही. कॅनडाच्या सस्कॅचवानमध्ये २०२० साली १४ जणांना सर्जिकल मास्क, तीन पदरी कापडी मास्क आणि विनामास्क अशा तिन्ही प्रकारे सायकलवर पूर्ण दमेपर्यंत पॅडल मारायला लावलं. ताकदीत फरक पडला नाही, रक्तातला ऑक्सिजनही घटला नाही.

पण गुदमरल्यासारखं वाटतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मास्कच्या आत गरम दमट हवा साठते, कापड ओलं होऊन नाकाला चिकटतं. ओला मास्क श्वासाला जड जातो आणि बाजूने हवा सोडतो, म्हणून बॅगेत दोन जास्तीचे ठेवा आणि अर्ध्यावर बदला. सुरुवातीचे आठ-दहा दिवस वेग एक पायरी खाली ठेवा. चक्कर आली, छातीत दुखलं तर बाजूला जाऊन मास्क काढून बसा. तिथे हट्ट नको. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही व्यायाम करताना मास्क नको, त्याऐवजी अंतर आणि खेळती हवा असाच होता. माझं मत थोडं वेगळं आहे: वजनं उचलताना, स्ट्रेचिंगला, ये-जा करताना मास्क सहज जमतो, तेव्हा तो असू द्या. ज्या व्यायामात तो अजिबात जमत नाही, तो व्यायामच बंद खोलीत करू नका.

चेहऱ्यावर प्लॅस्टिकची शील्ड चालेल का?

डोळ्यांत घाम जाण्यापलीकडे तिने काही साधत नाही. खालून-बाजूंनी सगळं उघडं असतं.

मशीन दर वेळी पुसायची का? डंबेलवरून लागण होते?

होऊ शकते, पण क्वचित. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये अंदाज मांडला की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षा कमी आहे. तरी पुसा. कोविड नसला तरी त्वचेचे जंतुसंसर्ग आणि नायटे बेंचवरून सर्रास फिरतात, आणि दुसऱ्याच्या घामात पाठ टेकवायला कुणाला आवडतं?

पुसायची रीत बहुतेकांची चुकते. द्रव फवारला आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपला, की जंतू तिथेच राहतात. बाटलीवर जेवढी मिनिटं लिहिली असतील तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहायला हवा. मशीनच्या पडद्यावर थेट फवारू नका, फडक्यावर घेऊन पुसा. आणि ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका. सगळ्यांत सोपं म्हणजे जाताना आणि येताना साबणाने हात धुणं, मधल्या वेळात हात तोंडाकडे न नेणं. हातमोज्यांचा भरवसा धरू नका. तोच मोजा घाम पुसायला कपाळावर जातो.

दारात कपाळावर यंत्र धरतात, ते पुरेसं आहे का?

ते असून नसल्यासारखंच. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, आणि बऱ्याच जणांना ताप येतच नाही. शिकागोच्या त्या जिममध्येही ताप तपासतच होते.

थोडं नाक वाहतंय, घसा खवखवतोय. पण स्लॉट बुक केलाय. येऊ का?

नको.

एवढंच उत्तर?

हो, एवढंच. जिमवाल्यांना मात्र जास्त सांगायचं आहे: ऐनवेळी स्लॉट रद्द केला म्हणून दंड लावाल, तर लोक खोकला दाबून येतील. साथीच्या काळात रद्द करणं फुकट ठेवा. आम्ही ते केलं तेव्हा काही जणांनी गैरफायदा घेतला, आळसापायी दांड्या मारल्या. तो तोटा परवडला.

पंचेचाळीस मिनिटांचाच स्लॉट मिळतो. त्यात काय होणार?

भरपूर होतं, फोन लॉकरमध्ये ठेवला तर. अंग घरूनच गरम करून या, जिना चढा, चालत या. आत पाऊल ठेवताच मोठे व्यायाम घ्या: बैठका, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), प्रेस (वजन ढकलणं), ओढण्याचा एखादा. दंड आणि पोटाचे लाड घरी करा. कमी वेळ थांबणं हाही बचावच आहे.

बेंच प्रेसला स्पॉटर लागतो, आणि अंतर तर ठेवायचंय. मग?

स्पॉटर, म्हणजे बार अडकला तर धरायला डोक्याशी थांबणारा साथीदार, उभा राहतो तेव्हा त्याचं तोंड बरोबर तुमच्या तोंडावर असतं, आणि दोघेही जोर लावत असतात. म्हणून पॉवर रॅकमध्ये (लोखंडी चौकटीत) सेफ्टी पिन, म्हणजे बार अडवणारे आडवे दांडे, लावून एकट्याने करा, किंवा डंबेल घ्या, ते बाजूला टाकता येतात. एकटे बारबेलवर झोपणार असाल आणि पिन नसतील तर बारला कॉलर (प्लेट घट्ट धरणाऱ्या क्लिपा) लावू नका. अडकलात तर एका बाजूने प्लेट सरकवून सुटता येतं. विक्रम मोडायचा विचार पुढच्या वर्षावर ढकला. पर्सनल ट्रेनरने हात लावून सांधा दुरुस्त करण्याऐवजी समोर करून दाखवावं, फोनवर तुमचाच व्हिडिओ काढून दाखवावा. बऱ्याच जणांना त्याने जास्त कळतं, हे मला उशिराच लक्षात आलं.

चेंजिंग रूम आणि शॉवर वापरू का?

टाळता आलं तर टाळा. सगळ्यांत लहान, सगळ्यांत कोंदट जागा तीच, आणि तिथे मास्क उतरलेला असतो. कपडे घरून घालून या, अंघोळ घरी जाऊन करा. आणखी एक धोका फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही: जिम कित्येक आठवडे बंद असेल तर नळांतल्या साचलेल्या कोमट पाण्यात लिजनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. उघडण्यापूर्वी सगळे नळ सोडून पाणी वाहू दिलं का, टाकी साफ केली का, हे चालकांना बेधडक विचारा. पिण्याचं पाणी मात्र घरून भरून आणा.

ऑनलाइन क्लासने खरंच काही होतं का?

दम वाढवणारा व्यायाम, योग, लवचिकता यांत फारसं काही बिघडत नाही. जड वजनाची सवय असेल तर चुकल्यासारखं वाटणारच. पण कमावलेली ताकद टिकवायला ती कमवण्याच्या मानाने फार थोडं पुरतं. आठवड्यातून एक-दोनदा पुस्तकांनी भरलेली पाठपिशवी घेऊन एका पायावरच्या बैठका आणि जोर मनापासून काढलेत तरी बरंच टिकून राहतं. कॅमेरा बाजूने लावा, समोरून नाही. समोरून मला फक्त तुमचं कपाळ आणि पंखा दिसतो.

अजिबात काही न करणं हा पर्याय मात्र स्वस्त नाही. कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० कोविड रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, आधीची दोन वर्षं ज्यांचा व्यायाम जवळपास शून्य होता, त्यांना रुग्णालयात दाखल करावं लागण्याचं प्रमाण आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त होतं.

मैदानातला क्लास जास्त सुरक्षित ना?

कितीतरी पटीने. फक्त तीन बाजूंनी बंद केलेला मंडप म्हणजे मैदान नव्हे.

तीन महिन्यांनी जिमला परतलो. पूर्वीचंच वजन लावू का?

इथे माझीच फजिती सांगतो. पहिल्या बंदनंतर जिम उघडली त्या दिवशी मी जुन्या वहीतलं वजन बारला लावलं. डेडलिफ्टचे पाच सेट झाले, अगदी झोकात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून, एकेक पायरी, आडवा होऊन उतरलो. तिसऱ्या दिवशी मोजे घालायला खाली वाकता येईना. इतरांना ‘हळूहळू वाढवा’ म्हणणारा मीच.

माझं दुखण्यावर निभावलं. काहींचं तेवढ्यावर निभावत नाही. सवय तुटलेल्या स्नायूंवर एकदम मारा झाला तर ते फुटतात, त्यांच्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायू टणक सुजले, दुखणं सोसवेना आणि लघवी गडद तपकिरी झाली, तर वाट न बघता रुग्णालय गाठा. बंदनंतरचे पहिले ‘चॅलेंज’ क्लास मला यासाठीच नापसंत.

पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या निम्मं, सेट दोनच. संपवताना ‘अजून झालं असतं’ असं वाटलं पाहिजे. दर आठवड्याला थोडं वाढवा. गेलेली ताकद नव्याने कमावण्यापेक्षा लवकर परत येते. दम मात्र जरा उशिरा येतो, आणि कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांना) तर स्नायूंपेक्षाही जास्त वेळ लागतो. मशीनही तुमच्याइतकीच बसून होती: केबल, पट्टे, स्क्रू एकदा बघून घ्या.

मला कोविड होऊन गेला. कधीपासून सुरू करू?

घाई करू नका. ब्रिटिश डॉक्टरांनी जानेवारी २०२१ मध्ये सुचवलेला आणि पुढे बराच वापरला गेलेला क्रम असा: लक्षणं पूर्ण जाऊन किमान सात दिवस होऊ द्या. मग किमान दोन आठवडे अगदी हलकं: श्वासाचे व्यायाम, सावकाश चालणं, साधी ताण देणारी आसनं; सहज गप्पा मारता येतील एवढंच. त्यानंतर आठवड्या-आठवड्याने एकेक पायरी. एखाद्या पायरीवर दम लागला, दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, तर एक पायरी खाली या.

कारण हृदय. काही जणांच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि त्यावर जोरकस व्यायाम केला तर ठोके बिघडू शकतात. छातीत दुखणं, धडधड, घेरी, पूर्वी न लागणारी धाप, यांपैकी काहीही असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टर. रुग्णालयात दाखल झाला असाल तर तपासणीशिवाय सुरूच करू नका. आणि आठवडे उलटूनही थोड्याशा श्रमाने दोन-दोन दिवस झोपून राहावं लागत असेल, तर तिथे ‘घाम गाळ, बरं वाटेल’ हा सल्ला उलटा पडतो. तो मीही दिलेला आहे, एका बाईंना. त्यांची माफी मागितली.

लस घेतल्यावर व्यायाम?

हलका चालतो, दंड दुखत असेल तर त्या हाताला दोन दिवस सुट्टी, ताप असेल तर सगळ्यालाच. एमआरएनए प्रकारच्या लशीनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, हृदयाला सूज येण्याची दुर्मीळ उदाहरणं दिसली. सिंगापूरने तर खबरदारी म्हणून दोन आठवडे जोरकस व्यायाम टाळायला सांगितलं होतं.

आईला मधुमेह आहे, वय सत्तर. तिला क्लासला पाठवू का?

साथ जोरात असेल तर बंद खोलीत नको, पण घरात बसवूनही ठेवू नका. या वयात थोडे आठवडे बसून काढले की मांड्यांची ताकद उतरते, आणि मग पडण्याची भीती. सकाळी मोकळ्या हवेत चालणं, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला टेकून जोर. आठवड्यातून दोन-तीनदा व्हिडिओवर कुणी समोर असेल तर नेम टिकतो; नातवंडांना ट्रेनर करा, ती फार कडक असतात.

बंदच्या काळातली फी परत मिळते का?

करारात काय लिहिलंय त्यावर. बहुतेक ठिकाणी पैसे परत करण्यापेक्षा मुदत वाढवून देतात. तोंडी आश्वासन घेऊ नका, तारखेसह लेखी निरोप घ्या. आणि साथ चालू असताना वर्षाची फी एकदम भरू नका, सवलत कितीही गोड दिसली तरी.

आमच्या क्लासमधलं कुणी पॉझिटिव्ह निघालं तर?

प्रशिक्षकाला लगेच कळवायचं, आणि त्याने त्या बॅचला कळवायचं, नाव न सांगता. ‘मंगळवारी संध्याकाळी सहाच्या बॅचमधल्या एकाला लागण झाली आहे’ एवढं पुरतं. कोण ते शोधत बसू नका. ज्याला चव्हाट्यावर यायची भीती असते तो पुढच्या वेळी सांगतच नाही. तुम्ही त्या बॅचला असाल तर चाचणी आणि घरी थांबण्याबद्दल स्थानिक नियम पाळा, आणि तोवर दुसऱ्या जिमला जाऊ नका. चोनानमध्ये साथ पसरली ती नेमकी अशीच, लागण झालेल्या प्रशिक्षकांच्या अनेक क्लासमधून.

क्लास संपल्यावर दहा मिनिटं गप्पा मारायला थांबलो तर?

थांबा की, पण बाहेर. सगळ्यांची धाप अजून बसलेली नसते, मास्क उतरलेले असतात आणि एकमेकांच्या जवळ उभं राहून हसणं चालू असतं. अख्ख्या तासात पाळलेलं सगळं त्या दहा मिनिटांत वाया जातं. आमच्याकडे शेवटचं गाणं संपलं की मी आधी दार उघडून बाहेर जाऊन उभा राहतो. गप्पा माझ्याभोवतीच जमतात, त्यामुळे सगळे आपोआप मागे येतात.